दास्यमुक्तीच्या दिनास राजमान्यता

राज्याने एखादा दिवस आपल्या पंचांगात घातला म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कचेरीच्या दारास कुलूप लागले, मुले शाळेस गेली नाहीत, गृहस्थ दुपारी घटकाभर निजला, एवढ्यात त्या दिवसाचे फल संपले असे आपण समजतो. परंतु सुट्टी हे राजमान्यतेचे बाह्य लक्षण होय. तिचा अर्थ नव्हे. एखाद्या थोर पुरुषाची जयंती राज्य पाळते, तेव्हा ते त्याचे ऋण मान्य करीत असते. मग गुलामगिरीच्या अंताचा दिवस राज्य पाळू लागते, तेव्हा ते कोणाचे ऋण मान्य करते? बेडी तोडणाऱ्याचे, की बेडी तुटेपर्यंत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणूक केली त्यांचे? या दोन उत्तरांत फार अंतर आहे; आणि असा दिवस पाळावा की नाही, हा वाद माझ्या मते त्या अंतरावरच निकालात निघाला पाहिजे.

अमेरिकेचे उदाहरण प्रथम पाहू. अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अंमलात आला. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरी जनरल ग्रेंजर याने गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम काढला, तो मात्र १९ जून १८६५ रोजी. मधली जवळजवळ अडीच वर्षे कागदावर मोकळी असलेली माणसे मळ्यांत पूर्वीप्रमाणेच राबत होती. पुढल्या वर्षापासून त्यांनी जो उत्सव सुरू केला तो या दुसऱ्या तारखेचा. सही झाल्याचा दिवस त्यांनी निवडला नाही. मुक्ती आपल्या दाराशी आली तो दिवस निवडला. उत्सवास जागा मिळेना, तेव्हा ह्यूस्टन शहरी १८७२ साली त्यांनी वर्गणी जमवून जमीन विकत घेतली. साऱ्या देशाच्या सरकारने हा दिवस राष्ट्रीय सुट्टी म्हणून मान्य केला, त्यास २०२१ साल उजाडावे लागले. म्हणजे दिवस लोकांनी घडविला, दीडशेहून अधिक वर्षे सांभाळला, आणि राज्याने अखेरीस त्यावर मोहोर उठविली.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण मॉरिशसचे आहे. त्या बेटावरील गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपली. ज्या कायद्याने ती संपली त्याच कायद्याने इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या सर्व वसाहतींतील मालकांना नुकसानभरपाईदाखल दोन कोटी पौंड देऊ केले. गुलामांना एक छदामही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. इकडे उसाला माणसे हवीच होती. गुलाम मोकळे होण्यास तीन महिने अवकाश असतानाच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कराराने बांधलेले हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढे मुंबई बंदरातूनही मजूर गेले. त्यांत कोकणातील व घाटावरील मराठी माणसे होती, आणि त्यांचे वंशज आजही त्या बेटावर गणेशचतुर्थी साजरी करतात. मॉरिशसचे राज्य आज दोन्ही दिवस सुट्टी देऊन पाळते: १ फेब्रुवारी गुलामगिरीच्या अंताचा, २ नोव्हेंबर गिरमिटियांच्या आगमनाचा. एका दास्याचा शेवट आणि दुसऱ्या बंधनाचा आरंभ यांमध्ये तेथे फटदेखील उरली नव्हती. ही गोष्ट पंचांगात शेजारी शेजारी लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्या लहानशा राष्ट्राने दाखविला आहे.

आता आपल्या घराकडे वळू. ‘आमच्याकडे गुलामगिरी नव्हतीच, होती ती सेवा होती’ असे सांगणारे सद्‌गृहस्थ पुष्कळ भेटतात. त्यांनी जुना मराठी कोश उघडावा. ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द तेथे विकत घेतलेल्या दासीच्या अर्थाने आढळतील. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत. बदकर्माचा आळ आलेल्या स्त्रीस सरकारी दास्यात टाकल्याचे दाखले आहेत. दासीच्या पोटची मुले कोणाची, याचेही नियम होते. ज्या भाषेला इतके बारीक शब्द घडवावे लागले, त्या भाषेच्या समाजास ती वस्तू परकी होती असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथास ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि निग्रोंच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांस तो अर्पण केला, तेव्हा ते नुसता अलंकार वापरीत नव्हते. दोन देशांतील दास्ये एकाच तराजूत घालून पाहत होते.

हे दास्य आपल्याकडे संपले कसे? येथेच आपल्या इतिहासाची मोठी विलक्षणता आहे. १८३३ च्या ज्या कायद्याने इंग्रजी वसाहतींतील गुलाम सुटले, त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. पुढे १८४३ चा पाचवा कायदा झाला. त्याने ‘तुम्ही मुक्त आहात’ असे कोणासही सांगितले नाही. गुलामावरील मालकी हक्क न्यायालये मान्य करणार नाहीत, सरकारी वसुलीसाठी माणूस विकला जाणार नाही, गुलामाने मिळविलेली मिळकत त्याच्याकडून काढून घेता येणार नाही, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तो गुलामाविरुद्धही गुन्हाच, एवढेच त्याने ठरविले. कायद्याने गुलामाकडे पाहून काही म्हटले नाही. केवळ मालकाकडे पाठ फिरविली. गुलाम बाळगणे हा शिक्षेस पात्र असा अपराध दंडसंहितेने ठरविला, तो १८६२ पासून. कोणत्याही चावडीवर दवंडी पिटल्याचा, कोणत्याही बटकीने तो दिवस ओळखल्याचा उत्सव आपल्या परंपरेत नाही. आपल्याकडे गुलामगिरीच्या अंताचा दिवस पाळला जात नाही, याचे एक कारण हेच की ज्यांचा तो दिवस होता त्यांना तो कळलाच नाही.

अशा दिवसाविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जुने व्रण उकरून समाजात वैर वाढेल. परंतु जो व्रण भरला आहे तो हात लावल्याने दुखत नाही. दुखतो तो आत पू असलेला. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे: असा दिवस मुक्तिदात्यांच्या आरतीचा दिवस होतो. राजा कनवाळू, मंत्री उदार, आणि ज्यांची बेडी तुटली ते हात जोडून उभे! हा धोका खरा आहे. त्यावर उपाय महाडने दाखविला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले ठरविले. दोन्ही कागद पाण्यापासून कोरडेच राहिले. लोकांनी स्मरणात ठेवला तो २० मार्च १९२७ हा दिवस, ज्या दिवशी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. ठराव करणाऱ्यांचे श्रेय कोणी नाकारीत नाही. पण स्मरणाचा मान ओंजळीला मिळाला, लेखणीला नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत बळकट: एक दिवस मान, बाकीचे दिवस तेच जू. आपल्या शेतकऱ्याच्या घरी कोठे बेंदूर, कोठे पोळा होतो. त्या दिवशी बैलाच्या शिंगांस रंग, अंगावर झूल, तोंडात पुरणपोळी; दुसऱ्या दिवशी मानेवर पुन्हा जू. माणसाच्या मुक्तीचा सोहळा जर याच जातीचा होणार असेल, तर तो न केलेला बरा. परंतु या सणाचे एक अंग आक्षेपक विसरतात. आदल्या दिवशी खांदमळणी असते. जुवाने जो खांदा घासला गेला, नेमक्या त्याच जागी धनी स्वतःच्या हाताने हळद-तूप चोळतो. वर्षातून एकदा का होईना, त्याला तो घट्टा बोटांनी चाचपावा लागतो. बैलाला तेवढे पुरते. माणसाला पुरत नाही, कारण माणसाचे जूच उतरावयाचे असते. तथापि, जू उतरविण्यापूर्वी ते कोठे घासते हे तरी ठाऊक हवे. ज्या दिवशी नुसती झूल घातली जाते तो दिवस व्यर्थ; ज्या दिवशी दुखऱ्या जागेवर हात जातो तो दिवस राज्याने अवश्य पाळावा. राजमान्यता म्हणजे राज्याची कबुली, आणि कबुली दिलेल्या माणसास पुढे ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. हाच तिचा खरा उपयोग.

मग तो दिवस कोणता असावा? माझे मत २५ ऑक्टोबर या तारखेस आहे. १९७५ साली त्या दिवसापासून वटहुकुमाने साऱ्या देशातील वेठबिगारीची पद्धत नष्ट झाली, बिगारी कामगारांची कर्जे रद्द झाली, आणि पुढे ९ फेब्रुवारी १९७६ रोजी त्याचा कायदा झाला. ९ फेब्रुवारी हा दिवस काही ठिकाणी पाळला जातो. तामिळनाडूत त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांतून प्रतिज्ञाही घेतात. पण ती सहीची तारीख झाली. कर्जाची गाठ सुटली ती २५ ऑक्टोबरला. शिवाय महाराष्ट्रापुरते पाहिले तर या तारखेस आणखी एक अर्थ आहे, आणि तो समजण्यास बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भवानीनगरपर्यंत जावे.

नीरेच्या डाव्या कालव्याने हा मुलूख उसाचा केला. भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि असेच कारखाने पश्चिम महाराष्ट्रभर झाले. या ऊसपट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात. गावाहून निघण्यापूर्वीच त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ गणला जातो. माणसे मोजावयाची आणि नाव हत्याराचे घ्यावयाचे! पुढे फडात जेवढे टन तोडले तेवढे उचलीतून फिटते. आजारपणाचा खाडा अंगावर बसतो. हंगामाच्या अखेरीस बाकी उरली तर ती पुढल्या वर्षावर चढते.

उचल घेणारा प्रत्येक जण वेठबिगार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि हे बोलणे कोणा एका कारखान्यास उद्देशून नाही. कामगारालाही उचल हवी असते, कारण पावसाळ्यात त्याला दुसरा सावकार उभा करीत नाही. परंतु १९७६ च्या कायद्याची कसोटी स्पष्ट आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाने नाममात्र मजुरीवर राबणे कबूल केले, दुसरे काम धरण्याचे, मोकळेपणी कोठेही जाण्याचे किंवा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावले, तर या चारांपैकी एकही गोष्ट वेठबिगारी ठरण्यास पुरेशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याहून पुढे जाऊन किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले श्रमही सक्तीचेच होत असा निर्णय दिला. तेव्हा प्रश्न एकच उरतो: कोपीतील तो माणूस उद्या सकाळी ‘मी कोयता खाली ठेवतो, बाकी सावकाश फेडीन’ म्हणाला, तर त्याला त्याच्या बायको-मुलांसह गावी जाऊ देण्यात येईल काय? याचे उत्तर जेथे ‘होय’ आहे तेथे उचल हे कर्ज आहे. जेथे ‘नाही’ आहे तेथे ते दाव्याचे दुसरे नाव आहे.

म्हणूनच २५ ऑक्टोबर. फेब्रुवारीत फड अर्धा तुटलेला असतो आणि उचल कधीच खर्चून गेलेली असते. ऑक्टोबरच्या अखेरीस गाड्या नुकत्याच येत असतात. हिशेबाची वही अजून कोरी असते. या दिवशी सुट्टी नसली तरी चालेल. त्याऐवजी प्रत्येक कारखान्याच्या आवारात, टोळ्या उतरतात त्या जागी, तहसीलदाराने कायदा मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याच्या-त्याच्या उचलीचा आकडा, टनाचा दर आणि मागील बाकी त्याला व त्याच्या पत्नीला, दोघांनाही, वेगवेगळी सांगावी. आणि ‘तुला जावेसे वाटले तर जाता येते’ हे वाक्य सर्वांच्या देखत उच्चारावे. १८४३ साली जे कोणी कोणाला सांगितले नाही, ते निदान आता सांगितले जाईल. ते ऐकून एखादी बाई मुकादमाच्या तोंडाकडे पाहील. त्या क्षणी त्याने मान खाली घातली की नाही, याची नोंद मात्र सरकारी अधिकाऱ्याने ठेवली पाहिजे. कारण त्या नोंदीसाठीच हा दिवस आहे.