आईचा रकाना

पणजोबाचा शोध आज बहुधा मायेने सुरू होत नाही, जात पडताळणीने सुरू होतो. अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गाच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचा माणूस मग शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहतो, तहसिलीत नकलेचा अर्ज करतो, जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल बुकापर्यंत पोचतो. गरज त्याला तिथवर नेते. नक्कल हाती आल्यावरही जो पाने उलटत राहतो, त्याला मात्र माया थांबवते.

कोतवाल बुकातली ओळ लहान असते. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बारशाच्या आधीच नोंद होऊन जाते, म्हणून जन्मलेले बाळ पुष्कळदा बिननावाचेच राहते. माणसाचा पहिला कागद त्याच्या बापाविषयी बोलतो.

या भागातला कोतवाल बहुधा महार असे. गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू तो पोलीस ठाण्यात पोचवी. ज्या घरांच्या उंबरठ्याआत त्याला मज्जाव होता, त्या घरांचा वंश आज त्याच्या पायपिटीमुळे सिद्ध होतो. ज्यांना दूर ठेवले त्यांच्यावाचून आपला इतिहास पुरा होत नाही.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याच दशकातल्या बंदोबस्ताने मालगुजार ठरवले, सारा ठरवला, कुळे लिहिली. मालगुजारी १९५१ साली गेली, कागद राहिले. शेत ज्याच्या नावे होते त्याच्या पिढ्या सापडतात. त्याच शेतात जो मजुरीने राबला, त्याच्या सापडत नाहीत. राज्य ज्याच्याकडून घेते, त्याचेच नाव जपून ठेवते.

१८६७ साली नागपूरला पोचलेली रेल्वे सेलूजवळून गेली. किती कापूस गेला याचा हिशेब राहिला. तो वेचणाऱ्या बायकांची नावे कोणी मागितली नाहीत.

अमेरिकेतले वंशशोधकही याच भिंतीपाशी येऊन थांबतात. तिथल्या १७९० ते १८४० पर्यंतच्या शिरगणत्यांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. बायको आणि मुले म्हणजे रकान्यातले आकडे. १८५० साली प्रत्येक स्वतंत्र माणसाला नाव मिळाले. गुलाम १८६० सालीही मालकाच्या नावाखाली बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढेच राहिले. देश बदलतो, लिपी बदलते. कोणाला मोजायचे आणि कोणाला नावाने ओळखायचे, हे मात्र सगळीकडे बळ ठरवते.

तरीही नोंदींच्या मधल्या जागा बोलतात. एकाच बापाच्या नावे दर दोन-अडीच वर्षांनी जन्म दिसतात. मग मृत्यूच्या पानावर ‘ताप’ हा शब्द येतो आणि त्या घरात पुढे कित्येक वर्षे पाळणा हललेला दिसत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएंझा, हे इतिहासाच्या पुस्तकात आहेत. एका घरातून ते कसे गेले, हे त्या रिकाम्या वर्षांत आहे. पुन्हा जन्म सुरू होतात. आई तीच की दुसरी, ओळ सांगत नाही. रिकामी जागा वाचावी. आपल्या मनाने ती भरू नये.

पणजीला दोन नावे असत, एक माहेरचे, एक लग्नात ठेवलेले. कागदाने पुष्कळदा दोन्ही टाळली. चार-पाच पिढ्यांचे पुरुष ओळीने सांगणाऱ्या घराला पणजीचे नाव विचारले की घर गप्प होते. विस्मरण हा मनाचा दोष कमी, सवयीचा अधिक.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात महाराष्ट्राने आईचे नाव अनिवार्य केले. आईचे नाव उशिरा आले, पण आले. कायदा मागच्या पिढ्यांकडे वळू शकत नाही. माणूस वळू शकतो. घरातल्या वृद्धेला तिच्या आजीचे नाव विचारता येते आणि ती असेपर्यंतच विचारता येते.

ते नाव कोणत्याही दाव्याला जोडता येणार नाही. म्हणूनच ते लिहून ठेवावे. ज्या पूर्वजाकडून काही मिळवायचे नसते, त्याचीच आठवण निखळ असते.