हन्नाने शिवलेला झगा



मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक बाप माझ्याकडे आला. मुलगा अग्निवीर म्हणून भरती होऊन प्रशिक्षणाला गेला होता. त्याच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण करायचे होते. वहीत हेतू लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. तो म्हणाला, "फादर, मी देवाकडे नक्की मागू तरी काय? पोराचा नेम बरोबर लागू दे म्हणून, का नेम धरायची वेळच त्याच्यावर येऊ नये म्हणून?"

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपला जिल्हा लष्कराच्या शेजारी वाढलेला आहे. नगरला १९४८ पासून रणगाडा दलाचे केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्रही इथेच आहे. शाळेच्या सहलीत आपण रणगाडा संग्रहालय पाहिले आहे. के. के. रेंजवरच्या तोफांचा आवाज नगर, राहुरी, पारनेरच्या कितीतरी गावांना पाठ आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणारी पोरे पाहिली की आपण कौतुकाने बाजूला होतो. पण त्यातला एक आपल्या घरातला असला, म्हणजे तोच तोफेचा आवाज वेगळा ऐकू येतो.

मी त्या बापाला आधी पुस्तकातले उत्तर दिले. पाचवी आज्ञा खून करू नका असे सांगते, आणि तरीही निरपराध लोकांचे रक्षण करणे हे ख्रिस्तसभेने कर्तव्य मानले आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, जे सैनिक आपले काम नीट करतात ते लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक आहेत, शांतता टिकवण्यात त्यांचाही वाटा आहे. सैनिक योहान बाप्तिस्ताकडे आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला लावली नाही. कोणाला छळून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे सांगितले. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आपण देवापुढे आपली अपात्रता कबूल करतो, ते शब्दही मुळात कफर्णहूमच्या एका शताधिपतीचे, म्हणजे सैनिकाचेच आहेत.

त्या बापाने मान हलवली. पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले की प्रश्न तसाच राहिला आहे. मी सैन्य योग्य की अयोग्य ते सांगत होतो. तो त्याच्या मुलाबद्दल विचारत होता.

रात्री मला हन्ना आठवली. नवस करून मिळालेला शमुवेल तिने लहानपणीच शिलोच्या मंदिरात नेऊन सोडला. शास्त्र पुढे एक छोटीशी गोष्ट सांगते. दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवायची आणि वार्षिक यज्ञाला जाताना घेऊन जायची. जरा विचार करा. वर्षभर जो मुलगा डोळ्यांसमोर नाही, त्याचे माप तिने कसे घेतले असेल? गेल्या वर्षीच्या मापाचा झगा त्याला आला नसता. पोर किती वाढले असेल याचा अंदाज तिला दर वर्षी नव्याने करावा लागला असेल.

आपण सहज म्हणतो, "त्यांनी आपला मुलगा देशाला दिला." बोलणाऱ्याचा भाव चांगला असतो. पण मुलगा म्हणजे काही जमिनीचा तुकडा नव्हे, की आपण तो कोणाच्या नावावर करून द्यावा. माणूस ही देवाची प्रतिमा आहे, तो कोणाच्याच मालकीचा नसतो. आईबापाच्या नाही आणि सरकारच्याही नाही. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेडला शपथ घेतो तो स्वतः. आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने ही शपथ होते. आपल्या मुलासमोर जे पवित्र शास्त्र असेल त्यात पाचवी आज्ञाही आहे. हुकूम पाळणे हा सैनिकाचा धर्म खरा, पण उघड अन्यायाचा हुकूम पाळला म्हणून कोणी निर्दोष ठरत नाही, असेही त्याच परिषदेने बजावले आहे. म्हणजे गणवेश चढवताना विवेकबुद्धी घरी ठेवून जाता येत नाही. आणि ती विवेकबुद्धी त्याने कुठे कमावली? आपल्याच घरी, आपल्याच ओट्यावर. तोच त्याचा पहिला झगा.

म्हणून पुढच्या रविवारी मी त्या बापाला म्हणालो, "भाऊ, दोन्ही मागा." नेम पक्का व्हावा म्हणून मागा, कारण अर्धवट शिकलेल्या सैनिकाच्या हातून निरपराध माणूस मरतो, सोबतीही मरतो. नेम धरायची वेळच येऊ नये म्हणूनही मागा. आणि तिसरे मागणे असे की, वेळ आलीच तर कोणावर बंदूक रोखायची नाही हे त्याला ओळखता यावे. चौथे सर्वांत अवघड आहे. पलीकडच्या बाजूलाही कोणाचे तरी पोर उभे असते आणि त्याची आईही रात्री जागी असते. शत्रूसाठी प्रार्थना करा असे प्रभूने सांगितले तेव्हा सैनिकाच्या आईवडिलांना त्यातून वगळले नव्हते.

आता थोडे आपल्या सर्वांसाठी. २०२२ च्या योजनेनुसार अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीची मुले पंचविशीच्या आसपास घरी परततील. बरीच मुले भाकरीसाठी भरती होतात, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण परत आलेला मुलगा गेलेल्या मुलाएवढाच असेल असे समजू नका. फोनवर "जेवलास का?" एवढे विचारून थांबू नका, "मन कसे आहे?" हेही विचारा. तो गप्प राहिला तर रागावू नका, पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. आणि तो परत येईल तेव्हा धर्मग्रामाने त्याला केवळ सत्काराचा हार घालू नये, बसायला जागा आणि करायला काम द्यावे.

त्या बापाने शेवटी वहीत काय लिहिले ते मी सांगत नाही, ते त्याचे आणि देवाचे. पण आज ख्रिस्तप्रसादानंतर आपण सर्वांनी एक 'नमो मरिया' म्हणावी, प्रशिक्षणात असलेल्या आपल्या मुलांसाठी आणि त्यांचे माप अंदाजाने घेत घरी बसलेल्या आईवडिलांसाठी.

आपला,
धर्मगुरू