लेकुरवाळ्यांची रांग

मराठीत ‘लेकुरवाळी’ असा एक शब्द आहे. नळावर, रेशनच्या दुकानात, देवळाच्या बारीत ‘लेकुरवाळी आहे, जाऊ द्या तिला पुढे’ एवढे कोणी म्हटले की रांगेतला सर्वांत खाष्ट माणूसही दोन पावले मागे सरकतो, निदान सरकायचा. तिथे नियम लागत नाही आणि पुकाराही लागत नाही. विमानतळावर मात्र हे वाक्य बोलण्याचे काम शेजाऱ्याकडून काढून कंपनीच्या नोकराकडे दिलेले आहे. तो बोलला तर सवलत, विसरला तर नाही. नागपूरच्या दक्षिणेला बेसा, बेलतरोडी, मनीषनगर हा जो पट्टा गेल्या वीसेक वर्षांत वाढला, तिथल्या कुटुंबांना विमानात आधी चढण्याचा हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. बेसा एकेकाळचे गाव, आज बेसा-पिपळा नगरपंचायत. वर्धा रोड ओलांडला की सोनेगावचा विमानतळ. मुलगा-सून पुण्यात, बंगळुरूत किंवा हैदराबादेत आणि आजी-आजोबा इथे, अशी घरे या भागात गल्लोगल्ली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारतसुद्धा बारा तास घेते. विमानाचा हवेतला वेळ दीड तासाच्या आसपास. दीड वर्षाचे लेकरू घेऊन निघालेल्या बाईला या दोहोंतले काय परवडते, याचे उत्तर नुसत्या तिकिटाच्या दरात सापडत नाही. तेव्हा विमानात लहान मुलांसह आधी चढू द्यावे की नाही, हा चैनीतल्या लोकांचा वाद समजून बाजूला सारण्यात अर्थ नाही.

या वादात आपण ‘आधी’ या शब्दापाशी अडतो. त्यामागे एसटीचे संस्कार आहेत. गणेशपेठच्या स्थानकावर बस फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल पडायचा, टोपी पडायची, पिशवी पडायची. काही नसले तर लेकरूच खिडकीतून आत सोडले जायचे. जागा धरण्यासाठी मुलाचा रुमालासारखा वापर करणारा आपला समाज आहे. त्यात क्रौर्य नव्हते, हिशेब होता : जो आधी चढेल त्याला जागा, उरलेल्याने उमरेडपर्यंत दांड्याला लोंबकळायचे. जिथे आसन ठरलेले नसते तिथे आधी चढणे हीच जागा असते. अमेरिकेतली साउथवेस्ट ही कंपनी १९७१ पासून अर्धशतकाहून अधिक काळ याच रीतीने विमाने चालवत होती. आसनक्रमांक नाही, रांगेतल्या क्रमाने चढा आणि दिसेल तिथे बसा. म्हणून तिला सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी पहिल्या गटानंतर वेगळी वेळ राखून ठेवावी लागली. जानेवारी २०२६ पासून तिनेही ठरलेली आसने आणली. आपल्याकडे विमानात आसन छापील असते. तरीही पुकारा होण्याआधी निम्मे लोक उभे राहतात, कारण पायांना अजून गणेशपेठ आठवते.

छापील आसनाचीही एक मेख होती. आसन निवडण्याचे वेगळे पैसे घेण्याची मुभा कंपन्यांना मिळाल्यावर, जो पैसे भरणार नाही त्याचे कुटुंब विमानभर विखुरले जाण्याची शक्यता तयार झाली. आई बाराव्या रांगेत आणि पाच वर्षांचे पोर चोविसाव्या, असे झाले की आत शिरल्यावर विनवण्या सुरू. त्या करायला वेळ मिळावा म्हणून तरी आधी चढावे, असे आईबापांना वाटणे साहजिक होते. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हा गुंता सोडवला. एकाच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारची जागा दिलीच पाहिजे, असे कंपन्यांना बजावले. गंमत अशी की ज्या परिपत्रकाने कंपन्यांना सेवा सुट्या करून विकण्याची मोकळीक दिली होती, त्याच परिपत्रकात ही दुरुस्ती झाली. म्हणजे काय विकता येईल आणि काय विकता येणार नाही, याची रेघ नियामकाला ओढता येते हे सिद्धच झाले. आधी चढण्याची बाब मात्र अजून कंपनीच्या सौजन्यावर आहे, आणि ते सौजन्य ‘प्राधान्य’ या नावाने शेजारच्या रांगेत विकायलाही ठेवलेले आहे.

जागेची चिंता मिटल्यावर मग आधी चढण्यात उरते काय? पुष्कळ उरते, पण ते बाहेरून दिसत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्वतंत्र आसन नसते, ते मांडीवर बसते. त्याच्यासाठी आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा कर्मचारी आणून देतात, तो कसा बांधायचा ते दाखवतात, बाळाचे जीवरक्षक जाकीट देतात, संकटकाळात बाळाला कसे धरायचे ते सांगतात. आणीबाणीच्या दरवाजाजवळच्या रांगेत अशा पालकांना बसवता येत नाही. ए-३२० सारख्या विमानात डोक्यावरच्या ऑक्सिजन मुखवट्यांची संख्या आसनांपेक्षा सहसा एकानेच जास्त असते, म्हणून शेजारच्या तीन आसनांत मांडीवरचे बाळ एकच चालते. चुकून दोन आली तर एका आईला उठवून दुसरीकडे न्यावे लागते. हे सगळे एकशे ऐंशी माणसांच्या विमानात, एकच चिंचोळी वाट असताना, मागे वीस जण खांद्यावर बॅगा घेऊन ताटकळलेले असताना करायचे, की वाट मोकळी असताना? म्हणून बाळ असलेल्यांना आधी घेणे हा निम्मा तरी सुरक्षिततेच्या कामाचा भाग आहे. आपण त्याला कनवाळूपणा म्हणतो आणि म्हणूनच तो कधी दाखवायचा, कधी नाही, हे सोयीने ठरते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. स्वस्त विमानसेवेचा सगळा धंदा विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे राहण्यावर चालतो. उतरणे, झाडलोट, इंधन, चढणे हे सगळे अर्ध्या तासात उरकायचे असते. मुलांसाठी वेगळी वेळ काढली तर ती येणार कुठून? युनायटेड या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये कुटुंबांना आधी चढवणे बंद केले ते चढण्याची पद्धत सुटसुटीत करायची म्हणून. पुढे तिने ही सोय परत आणली, पण दोन वर्षांपर्यंतच्या मुलांपुरती. हा आक्षेप तपासायला जेसन स्टेफन या खगोलभौतिकशास्त्रज्ञाचे काम उपयोगी पडते. २००८ मध्ये त्याने चढण्याचा सर्वांत जलद क्रम कोणता याचे गणित मांडले आणि पुढे बारा रांगांच्या नकली विमानात ७२ माणसे चढवून ते तपासले. गटागटाने चढवण्याच्या पद्धतीला सुमारे सात मिनिटे लागली, त्याच्या क्रमाला सुमारे साडेतीन. आणि माणसे कशीही, क्रमाशिवाय सोडली तरी गटांच्या पद्धतीपेक्षा लवकर चढली. कारण साधे आहे. चालण्यात वेळ जात नाही, सामान वर चढवताना वाट अडते त्यात जातो. ज्या क्रमात जास्तीत जास्त माणसे एकाच वेळी, एकमेकांना न अडवता बॅगा ठेवू शकतात तो क्रम जलद. आता या कसोटीवर दोन मुले, तीन पिशव्या आणि एक दुधाची बाटली घेऊन निघालेले जोडपे लावून पाहा. ते वाट अडवणारच. प्रश्न इतकाच की ते अडवतील तेव्हा मागे कोणी असेल की नसेल. रांगेच्या मध्यात सोडले तर त्यांच्यापायी तीस जण थांबतात. पहिल्यांदा सोडले तर फार तर दारातला माणूस थांबतो.

स्टेफनच्या क्रमातच एक अडचण दडलेली आहे आणि ती मला त्याच्या मिनिटांपेक्षा बोलकी वाटते. त्याच्या हिशेबाने खिडकीवाले आधी, मग मधले, शेवटी वाटेकडचे. तीन वर्षांचे मूल खिडकीशी, आई मध्ये, बाप कडेला असेल, तर सर्वांत जलद विमानात ते मूल एकटे चालत जाईल. हे अर्थातच कोणी करत नाही. कुटुंबाला एकत्र सोडावेच लागते. म्हणजे वेगाचा कितीही काटेकोर आराखडा काढा, त्यात लेकुरवाळ्यांचा अपवाद आधीच गृहीत धरलेला असतो.

दुसरा आक्षेप जरा कडवट असतो. मुले होऊ देणे ही ज्याची त्याची निवड, तिचा भार इतरांनी का सोसायचा? या युक्तिवादात जोर असता, जर इतरांना खरेच काही सोसावे लागत असते. आसन ठरलेले आहे, विमान सर्वांना घेऊनच उडणार आहे, पाच मिनिटे उशिरा आत शिरलेला माणूस मुक्कामी पाच मिनिटे उशिरा पोचत नाही. त्याचे नुकसान होऊ शकते ते एकाच गोष्टीत : डोक्यावरच्या कप्प्यातली जागा. सात किलोची एक बॅग हा नियम कागदावर असतो, पण हातातल्या पिशव्या, लॅपटॉप, हल्दीरामचे डबे मिळून कप्पे मधल्या रांगांपर्यंतच भरून जातात आणि शेवटी येणाऱ्याची बॅग दहा रांगा मागे जाते. भांडण त्या कप्प्याचे आहे. ते आपण मुलांच्या नावावर मांडतो, कारण बॅगेवर रागावणे कोणाला शोभत नाही. शिवाय ‘निवड’ हाच निकष धरायचा तर पैसे भरून आधी चढणाऱ्याचे काय? त्याने निवड विकत घेतली म्हणून त्याच्याविरुद्ध कोणी कुरकुरत नाही. तिरुमलाला वर्षाच्या आतल्या बाळाच्या आईवडिलांना वेगळ्या वाटेने, विनामूल्य दर्शनाला सोडतात आणि तिथेच तीनशे रुपयांची तिकिटाची रांगही चालते. दोन्ही रांगा मुख्य रांगेच्या पुढे जातात, पण त्यांतली कोणती कशासाठी आहे हे भाविकाला नेमके कळते. विमानतळावर या दोन्ही एकाच दोरीच्या आत उभ्या केल्या जातात. मग पैसे भरलेल्याला बाळवाले फुकटे वाटतात आणि बाळवाल्यांना उगाच ओशाळल्यासारखे होते.

गैरवापराचा आक्षेप खोटा नाही. एका लेकराच्या जिवावर मामा, मावशी, दोन आत्या असे बारशाचे बिऱ्हाड पुढे घुसताना दिसते. नऊ वर्षांचा धडधाकट मुलगाही ‘लहान मूल’ होतो. पण त्याचे औषध सोय काढून घेण्यात नसून ती नेमकी लिहिण्यात आहे : किती वर्षांचे मूल, सोबत किती मोठी माणसे. नेमकेपणा नसला की काय होते हे चाकांच्या खुर्चीने दाखवले आहे. अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजींना चालता येत असते. त्यांना हवा असतो तो परक्या विमानतळावर बोट धरून नेणारा माणूस. तशी सोय त्या नावाने मिळत नाही, म्हणून घरचे खुर्ची मागतात आणि ज्याचे गुडघे खरोखर गेले आहेत तो दारात ताटकळतो. याला मी लबाडी म्हणणार नाही. गरज एक आणि खिडकी दुसरी असली की माणसे उघड्या खिडकीशीच जातात.

आणि इथेच आधी चढण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट कबूल करावी लागते. आधी चढणे मुलाला आवडतेच असे नाही. बाळाचे आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाचे गणित वेगळे आहे. मांडीवरचे बाळ बसल्या जागी झोपेल. ज्याला नुकते पाय फुटले आहेत ते पोर विमान हलण्याआधी बराच वेळ पट्ट्यात बांधून ठेवणे म्हणजे पुढच्या रडारडीची पेरणी. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या पोटात दुपारच्या वेळी किती गारवा असतो हे नागपूरकराला सांगायला नको. म्हणून सक्तीचे प्राधान्य हेही आंधळेच. दोघे पालक असतील तर एकाने सामान घेऊन पहिल्यांदा जावे, कप्पा धरावा, पट्टा आणि जाकीट मागून घ्यावे. दुसऱ्याने मुलाला काचेतून विमाने दाखवत, थकवत, अगदी शेवटी आणावे. रुमाल टाकण्याची आपली जुनी विद्या इथे विनाभांडण कामी येते. यासाठी एकाच आरक्षणावरच्या दोघांना दोन वेळा आत सोडण्याची तयारी दारावरच्या कर्मचाऱ्याने दाखवली की झाले, आणि पुकाऱ्यात तसे एक वाक्य हवे, मराठीतूनही.

एकटी आई असेल तर मात्र हा तोडगा चालत नाही. तिला आधीच सोडले पाहिजे, आणि नुसते सोडूनही भागत नाही. जिथे बसने विमानापर्यंत नेतात तिथे खरी कोंडी दारावर नसते, शिडीच्या पायथ्याशी असते. बाबागाडी तिथे मिटून द्यायची असते आणि ती मिटायला दोन हात लागतात. एका हातात बाळ, खांद्यावर पिशवी, दातात धरलेला बोर्डिंग पास. पाचव्या पायरीवर उभी असलेली माणसे वळून पाहत असतात. आधी पुकारले गेल्याचा तिथे काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो तिथे उभ्या असलेल्या आणि गाडी हातातून घेणाऱ्या माणसाचा.