देव नसलेल्या देवळात

माणसानं कुणाचा चाहता असावं की नसावं, हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी कुठं सोडवला असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या घरात तो सकाळच्या चहाबरोबर निघतो. ४ डिसेंबर २०२१ च्या शनिवारी तो निघाला, तेव्हा मी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसलो होतो.

"अहो, ज्यांच्यासाठी चाललात ते येणारच नाहीत म्हणे. मग चाललात कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. नाशिकला आडगावाजवळ ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. मार्चमध्ये व्हायचं ते कोरोनामुळं डिसेंबरात आलं, आणि डिसेंबरात प्रकृतीमुळं नारळीकरांनाच येता आलं नाही. त्यात संमेलनाच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडून गेलेला. निफाड तालुक्यात अशा वेळी शहाणा माणूस साहित्याकडे नव्हे, द्राक्षाच्या पानाकडे बघतो. आमची बाग एकच एकर, पण डाऊनी काही सातबारा बघून येत नाही.

"देव देवळात नसला तर भाविक गाभाऱ्यापर्यंत धक्के खात जातो का?" सौ.नं दुसरा बार काढला.

मी चाळीसेक वर्षं विज्ञान शिकवलं आहे. उत्तर येत नसलं की विषय बदलायचा, हे तेवढ्यात शिकलो. "फवारणी संध्याकाळी बघतो," म्हणालो आणि निघालो.

एस.टी.चा संप चालू होता. सायखेड्याचा पूल ओलांडून चांदोरीच्या बाजूला गेलो, तर कांद्याच्या गोण्या भरलेला एक छोटा हत्ती नाशिकच्या दिशेनं निघालेला. चालकानं मला गोण्यांवर बसवलं. सारस्वतांच्या मेळ्यात मी उतरलो तो अंगभर कांद्याची सालं मिरवत.

याला माझा भाचा 'कॉस्प्ले' म्हणतो. तो मुंबईला असतो आणि कॉमिक कॉन नावाच्या जत्रेला जातो. अंगाला घट्ट लाल-निळे कपडे, तोंडावर कोळ्याच्या जाळ्याचा मुखवटा. पहिल्यांदा त्याचा फोटो पाहिला तेव्हा ताईनं मला फोन करून विचारलं होतं, "तू मास्तर ना? मग सांग, हा असा का झाला?" मी त्याला बोलावून समज दिली. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० साली तीनेकशे माणसं एका हॉटेलात जमली, तिथून हे खूळ वाढलं, आता तिथं लाखावर लोक येतात, आपल्याकडे २०११ पासून दिल्लीला सुरू झालं, ही माहिती त्यानंच मला दिली. वर म्हणाला, "मामा, वर्षभर मला सगळे वेडा म्हणतात. तिथं दोन दिवस कोणी म्हणत नाही."

तेव्हा मी हसलो होतो. संमेलनाच्या दारात मात्र मला ते वाक्य आठवलं. समोर फेटे होते, पैठण्या होत्या, डिसेंबरातही खांद्यावर शबनम आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावलेले कवी होते, आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मुखवटा घालून आपल्या दैवतांच्या गर्दीत हिंडणाऱ्या भाच्यात आणि आमच्यात फरक एवढाच, की आमच्या वेषाला आम्ही संस्कृती म्हणतो.

आणि खरं सांगतो वाचकहो, बरं वाटलं. आमच्या गल्लीत कांद्याच्या भावावर बोलायला पन्नास माणसं मिळतात, पण 'यक्षांची देणगी' वाचून रात्रभर जागलेला मी एकटाच. इतकी वर्षं एकट्यानं एखादी गोष्ट आवडत राहिली की माणसाला स्वतःचीच शंका येऊ लागते. त्या मांडवात माझ्यासारखे हजारो एकमेकांच्या पायावर पाय देत होते. आपण वेडे असू, पण एकटे नाही, हे कळण्यापुरती गर्दी उपयोगाची असते.

घोटाळा त्याच्या पुढं सुरू होतो.

ग्रंथप्रदर्शनात एक रांग दिसली. मराठी माणसाला रांग दिसली की आधी उभा राहतो, मग कसली ते विचारतो. मीही राहिलो. पुढं एक लेखक सह्या देत होते. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी प्रेमानं विचारलं, "माझं कोणतं पुस्तक वाचलंत?" मी त्यांचं एकही वाचलं नव्हतं. मास्क किती गुणाचा असतो ते त्या क्षणी कळलं. "सगळीच," असं मी त्याच्या आडून पुटपुटलो. त्यांनी 'रसिक वाचकास सप्रेम' लिहून लफ्फेदार सही केली.

बाहेर येऊन मी हिशेब मांडला. ज्यांना वाचलं ते आले नाहीत. ज्यांना वाचलं नाही त्यांची सही खिशात. आता चाहता म्हणून माझी जमा किती आणि खर्च किती?

इथं मला नारळीकरांचीच गोष्ट आठवली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' नावाची कथा पाठवली. तेव्हा हॉईल-नारळीकर सिद्धांतामुळं त्यांचं नाव घरोघरी गेलेलं. नावाकडे बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून कथा लिहवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. म्हणजे पाहा, ज्यांच्या नावासाठी आम्ही मैलोगणती गोण्यांवर बसून जातो, त्यांनी एकदा स्वतः ते नाव काढून ठेवलं होतं. कथा एकटी चालते का ते त्यांना बघायचं होतं. चालली.

दुसरी गोष्ट सह्यांची. शाळकरी मुलं वह्या घेऊन भोवती जमली की नारळीकर सही देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर देईन, त्याच्याखाली सही असेल. सहीची किंमत एक प्रश्न! दर्शनाच्या देशात असा भाव कोणी लावला नव्हता. आपल्याकडे देवासमोर पोचलो की हात जोडायचे आणि मागचा ढकलायच्या आत पुढं सरकायचं. प्रश्न विचारायला थांबलेल्या भाविकाला कुठल्याही रांगेत शिव्याच बसतात.

हे ऐकून मीही ऐंशीच्या दशकात पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आणलं होतं. त्यावर पत्ता लिहिला. प्रश्न मात्र सुचेना. म्हणजे सुचत होते, पण एवढ्या मोठ्या माणसाला असा बाळबोध प्रश्न कसा विचारायचा? विज्ञानाचा मास्तर ना मी! विचारलं तर कळेल की याला येत नाही. त्या भीतीपायी कार्ड पेटीत गेलं आणि मी पुढं वर्गात पोरांना रोज सांगत राहिलो, "न समजलेलं विचारायला लाजू नका रे."

हे सगळं मनात घोळत होतं तेवढ्यात एका गाळ्यापाशी सातवी-आठवीतला एक मुलगा दिसला. उभ्या उभ्या 'प्रेषित' वाचत होता. माणसं त्याला उजवीकडून ढकलत, डावीकडून ढकलत. तो पान सोडत नव्हता. त्या अख्ख्या मांडवात नारळीकरांना भेटलेला तो एकटाच असावा. मी त्याच्या मागं जाऊन पाठ करून उभा राहिलो आणि शक्य तेवढे धक्के अंगावर घेतले. पुस्तक मिटून तो म्हणाला, "काका, हे खरं घडू शकतं का?"

मला उत्तर पुरतं येत नव्हतं. आयुष्यात प्रथमच मी ते सांगून टाकलं. "नाही सांगता येत रे. त्यांनाच विचार. पुण्याला आयुकात पत्र पाठव." मग पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली, आणि पुस्तक त्याला घेऊन दिलं. त्यानं मला सही मागितली नाही. शहाणा मुलगा.

संध्याकाळी घरी आलो. "झालं का दर्शन?" सौ.नं विचारलं. मी म्हटलं, "देव नव्हता. पण देऊळ बांधतात कशाला, ते थोडं कळलं." ती म्हणाली, "डाऊनी आलाय बांधाकडच्या ओळीत. तेवढंही कळून घ्या." बॅटरी घेऊन बागेत गेलो. चाहतेपणाची किंमत असते, आणि बरेचदा ती घरच्यांकडून वसूल होते, हेही या निबंधात नोंदलं पाहिजे.

२० मे २०२५ ला नारळीकर पुण्यात गेले. बातमी ऐकून मी पेटी उघडली. कार्ड पिवळं पडलं होतं. एका बाजूला पत्ता, दुसरी बाजू कोरी. त्या मुलानं पत्र लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी लिहिलं नाही, हे मात्र नक्की माहीत आहे. सही मिळाली नाही याचं मला दुःख नाही. तिची किंमत माझ्याकडे तयार होती आणि लाजेपायी मी ती भरली नाही, याचं आहे.

सौ. मागं येऊन उभी राहिली. कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"काय विचारायचं होतं एवढं?"

मी सांगितलं. प्रश्न साधाच होता. विश्व पसरतंय म्हणतात, तर ते पसरतंय कशात?

तिनं जरा वेळ विचार केला. म्हणाली, "मलाही कधीचं हेच विचारायचं होतं. पण म्हटलं, तुम्ही विज्ञानाचे मास्तर, तुम्हाला काय वाटेल!"