पत्राबरोबर आलेला चेहरा

नव्वदच्या दशकात युनिक्सवर काम करणाऱ्या काही मंडळींच्या ई-मेलच्या माथ्यावर तारीख, विषय यांच्या जोडीला 'एक्स-फेस' नावाची एक नोंद असे. तिच्यापुढे अक्षरं, टिंबं, कंस, उद्गारचिन्हं यांची अगम्य रांग. पत्र वाचण्याच्या प्रोग्रॅमला ती उलगडता आली, तर पाठवणाऱ्याचा चेहरा पडद्यावर उमटे: ४८ बाय ४८ ठिपके, प्रत्येक काळा नाहीतर पांढरा. राखाडीला जागा नाही. ओळखीच्यालाच ओळखू यावेत, असे हे चेहरे.

पत्र आलं की चेहरा दाखवायचा, ही कल्पना त्याआधीची. बेल लॅब्जमधले रॉब पाइक आणि डेव्ह प्रेसोटो यांनी १९८५ मध्ये अशा व्यवस्थेविषयी लिहिलं होतं. पण तिथे चेहरे पत्राबाहेर, वेगळ्या साठ्यात असत. जेम्स अ‍ॅश्टन यांच्या 'कॉम्पफेस' या प्रोग्रॅमने चेहरा पत्रातच बसवला. शेजारचे ठिपके पाहून पुढच्याचा अंदाज बांधायचा, चुकलेले अंदाज तेवढे नोंदवायचे, आणि ती नोंद आणखी दाबून साध्या छापील चिन्हांत लिहायची. मूळचे २८८ बाइट दाबल्यावर सहसा बरेच आटत. ही काटकसर मला आजच्या झुळझुळीत फोटोंपेक्षा देखणी वाटते.

२००४ मध्ये ग्रॅव्हॅटार आलं आणि चेहरा पुन्हा साठ्यात गेला. ई-मेलच्या पत्त्याशी एक चित्र जोडायचं. मग ज्याला ते दाखवायचं असेल त्याने सर्व्हरकडून मागून घ्यायचं. एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. सगळीकडे म्हणजे मागेसुद्धा: पंचविशीत घातलेल्या तावातावाच्या वादाशेजारी आता पन्नाशीचा शांत, चष्मेवाला गृहस्थ हसतो. शिवाय चित्र मागितलं की कोण कुठलं पान वाचतंय, याचा सुगावा सर्व्हरला लागतो, तो वेगळाच.

एक्स-फेसची ओळ कोणीही उचलून स्वतःच्या पत्रात डकवू शके, हे खरं. पण दुसऱ्याचा ई-मेल पत्ता टंकून त्याचा ग्रॅव्हॅटार मिरवणंही तितकंच सोपं. तोतयेगिरी दोन्हीकडे सारखीच. फरक पडला तो काळाच्या बाबतीत.

ग्नस, क्लॉज मेल यांसारखे प्रोग्रॅम ती ओळ अजूनही उलगडतात. जपून ठेवलेलं १९९५ चं पत्र त्यांत उघडलं, तर लिहिणारा त्याच्या तेव्हाच्या दाढीसकट दिसतो, आणि त्यासाठी कुठल्याही कंपनीचा सर्व्हर चालू असावा लागत नाही.