सातबाऱ्यावर नसलेली खोली

थोडा वेळ निवांत बसा. श्वास त्याच्या चालीने चालू द्या. आता चाकणच्या पश्चिमेचं, भामचंद्राच्या डोंगराखालचं एखादं उताराचं वावर डोळ्यांसमोर आणा. वरच्या अंगाला कारखान्याची भिंत, पत्र्याचं लांबलचक छप्पर, आणि मधे एक जुना बांध.

या वावराचा सातबारा आठवा. त्यावर नावं आहेत, हेक्टर-आर आहे, बोजाही असेल. खोली मात्र नाही. माती किती इंच, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. गुंठ्याचा भाव विचारायला येणाराही ते विचारत नाही. त्या न लिहिलेल्या खोलीपाशी थोडं थांबा.

खाली काळा दगड, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर मुरूम. मुरमावर वीतभर माती. दगड झिजला, पाला कुजला, मुळं शिरली, गांडुळं फिरली, तेव्हा ती झाली. एक इंच व्हायला शेकडो वर्षं लागतात. हे वाचून लगेच पुढे जाऊ नका.

आता वळवाची पहिली सर येऊ द्या. थेंब उघड्या ढेकळावर आपटतो. ढेकूळ फुटतं, बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात, आणि पाणी मुरायचं सोडून उताराला लागतं. त्या गढूळ पाण्याकडे नीट बघा. एका एकरावरची नुसती एक मिलिमीटर माती गेली, तरी ती साधारण पाच टन भरते. शेत दिसायला तेवढंच राहतं. सातबाराही तेवढाच.

पाण्यावर राग धरू नका. त्याला घाई आपण लावली. छपराचं सगळं पाणी एका पाइपातून खालच्या वावरात सोडलं, की बघता बघता ओघळीची घळ होते. ज्याच्या जागेतून पाणी सुटतं, त्यानंच त्याचा वेग मोडला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नांगराच्या एका तासाच्या लोभाने बांध कोरणारे तर आपलेच! शेजाऱ्याने तास सरकवलं, की कोर्टात वर्षानुवर्षं तारखा. पाच टन वाहून गेले, तर त्याची कुठे वाच्यताही नाही.

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली लिहिला. सरकारने फौजेला आणि पोलिसांना ताली-बंधारे घालायला लावावं, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल, अशी मागणी त्यात आहे. पुढे 1972 च्या दुष्काळात लाखो माणसांनी बांधबंदिस्तीची कामं केली. त्यांतले कित्येक बांध आता प्लॉट पाडताना गेले.

आता मनानेच त्या बांधावरून सावकाश चाला. नांगरट उताराला आडवी आहे का? उघड्या जमिनीवर हुलगा, मटकी पसरली आहे का? बांधावर गवत, घायपात धरली आहे का? जादा पाण्याला दगड लावलेला सांडवा आहे का?

डोळे उघडा. मृगाच्या आधी खरोखरच एक फेरी मारा आणि फुटलेला बांध बुजवा. शेत नसेल, कारखान्यात नोकरी असेल, तर आपल्या छपराचं पाणी कुणाच्या वावरात सुटतं, तेवढं बघून या.