'आता बास' कुणाला कळतं?

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला रात्री साडेदहालाही कंपन्यांच्या बसची रांग असते. एल्कोटच्या आयटी पार्कातून सुटलेली पोरं खिडकीला डोकं टेकून बसलेली असतात, चेहऱ्यावर मोबाइलचा उजेड. माझा रूममेट त्यांच्यातलाच, लातूरकडचा. गेल्या नोव्हेंबरच्या पावसात एका रात्री त्याने इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकली. धुऊन पालथं घातलेलं ताट आणि खाली दोन शब्द : 'आता बास'. ऐंशी जणांनी ती पाहिली. तिघांनी बदाम पाठवला, एकाने विचारलं, 'डाएट का?' मी भिंतीपलीकडच्या खोलीत होतो. मीही पाहिली आणि अंगठ्याने पुढे सरकवली.

पुढे महिन्याभराने तो म्हणाला, "तेव्हा दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. कुणी दार वाजवलं असतं तर रडून मोकळा झालो असतो."

ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फेसबुकने 2017 मध्ये आत्महत्येचा धोका ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला सुरुवात केली. पोस्ट आणि थेट प्रक्षेपणं ती तपासते. शंका आली तर मजकूर माणसांपुढे ठेवते, आणि धोका मोठा वाटला तर कंपनी स्थानिक यंत्रणेला कळवते. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पोस्टखाली मित्रांनी लिहिलेलं 'बरा आहेस ना?', 'मी काही करू का?' हेही यंत्र खूण म्हणून धरतं. म्हणजे आपली काळजी पाहून ते सावध होतं. आम्ही ऐंशी जणांनी काळजीने काहीच विचारलं नव्हतं. अशा यंत्राच्या हाती आम्ही काय दिलं होतं?

इशारा वेळेवर पोचला तर काय होतं, ते धुळ्यात दिसलं. जानेवारी 2021 मध्ये तिथला एक तरुण फेसबुकवर थेट प्रक्षेपण करत जीव द्यायला निघाला होता. कंपनीच्या आयर्लंडमधल्या कार्यालयातून मुंबई सायबर पोलिसांच्या उपायुक्त रश्मी करंदीकर यांना फोन आला, त्यांनी धुळ्याला कळवलं, पोलीस घरी पोचले आणि मुलगा वाचला. आयर्लंड, मुंबई, धुळे. एवढ्या लांबून आलेल्या हाकेचं मोल मी कमी लेखणार नाही.

पण तो मुलगा कॅमेऱ्यासमोर होता. आपली बहुतेक माणसं तशी बोलत नाहीत. मराठीत आपण हसून हसून 'मेलो' म्हणतो, उकाड्यात 'जीव चाललाय' म्हणतो. आणि खरोखर बुडत असलेला माणूस लिहितो, 'आईला सांभाळा', 'माझी काळजी करू नका', तेही निम्म्या वेळा रोमन लिपीत, स्पेलिंगचा धरबंध नसलेलं. नुसते शब्द मोजणारं यंत्र पहिल्याला घाबरेल आणि दुसऱ्याला सोडून देईल. पुण्यातल्या एल3क्यूब या संशोधन गटाने हजारो मराठी ट्विट माणसांकडून वाचून घेऊन त्यांतला भाव आणि द्वेष यांच्या नोंदी केल्या आहेत. आमच्याच ओल्ड महाबलीपुरम रोडच्या उत्तर टोकाजवळ, आयआयटी मद्रासमध्ये, एआयफॉरभारत हा संशोधन गट भारतीय भाषांची प्रारूपं घडवतो. या कामात आता समुपदेशकांना बसवलं पाहिजे. 'बास' कधी जेवणानंतरचं असतं आणि कधी आयुष्यालाच उद्देशून असतं, हे लातूर-धुळ्याच्या माणसांशी रोज बोलणाऱ्यालाच सांगता येईल.

आणि यंत्राला कळल्यावर पहिला फोन कुणाला जावा? जीव टांगणीला असेल तर पोलीसच हवेत. एरवी गावात दाराशी पोलिसांची गाडी उभी राहिली की अख्खी गल्ली गोळा होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं 115 वं कलम आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतं. गल्ली तसं मानत नाही. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. चेन्नईतच डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 मध्ये सुरू केलेली 'स्नेहा' ही संस्था आहे. तिथले स्वयंसेवक मुख्यतः ऐकून घेतात. यंत्राने त्या माणसाला विचारून, त्याच्या संमतीने, अशा कुणाशी जोडून द्यावं. न विचारता मन वाचत राहणं ही पाळत झाली, हेतू कितीही चांगला असो. खासगीपणाच्या कडक कायद्यांमुळे फेसबुकने युरोपीय संघात धोका ओळखण्याची ही योजना सुरू केली नव्हती, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

शिवाय त्याच समाजमाध्यमांवरचं दुसरं यंत्र उदास माणसाला आणखी उदास पोस्ट वाढत असतं. लंडनमधल्या 14 वर्षांच्या मोली रसेलचा 2017 मध्ये मृत्यू झाला. तिने पाहिलेल्या मजकुराचा त्यात वाटा होता, असं 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या तिथल्या कॉरोनरने नोंदवलं. एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने झेलायचं, याला मी काळजी म्हणू शकत नाही. आधी ढकलणारा हात थांबायला हवा.

रूममेटची स्टोरी आली की आता मी बदाम पाठवत नाही. भिंतीवर दोनदा थाप मारतो. पलीकडून बहुतेकदा 'जागाय, ये' असं येतं. मग आम्ही चहा टाकतो.